अमेरिकेचा पासपोर्ट आणि भरे गावातला फार्महाऊस प्लॉट: सातबारा निघतो, मग अडतं कुठे?

डिसेंबरात पुण्यात परदेशातून सुट्टीवर आलेल्यांचा कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो. लग्नं उरकायची, सवाई गंधर्वला जायचं, दातांची राहिलेली कामं करून घ्यायची. आणि मग एखाद्या रविवारी मामा किंवा शाळेतला मित्र म्हणतो, "चल, मुळशीत एक प्लॉट दाखवतो."

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट. पुढे घोटावडे फाट्यावरून आत वळलं की भरे. गाव छोटं. एका अंगाला पिरंगुटची कारखानदारी, दुसऱ्या अंगाला हिंजवडीकडे सरकत जाणारी वस्ती, आणि मध्ये भातखाचरं, डोंगराची सोंड, डिसेंबरातलं कोवळं ऊन. न्यू जर्सीत बर्फ उपसून आलेल्या माणसाला या उन्हाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. इंग्लंडमधले पेन्शनर ऊन शोधत स्पेनच्या किनाऱ्यावर जातात, आपला माणूस मुळशीत येतो. (मुळशीचं ऊन आठ महिन्यांचं असतं, उरलेले चार महिने काय असतं ते डिसेंबरात येणाऱ्याला दिसत नाही. तो विषय पुन्हा कधीतरी.)

प्लॉट आवडतो. अकरा गुंठे, तारेचं कुंपण, कोपऱ्यात आंब्याची चार रोपं, "स्वतंत्र सातबारा होईल" असं आश्वासन. रिटायर झाल्यावर वर्षातले सहा महिने इथे राहायचं, असा बेत तिथल्या तिथे ठरतो. एजंट एकच प्रश्न विचारतो, "शेतकरी दाखला आहे ना?" वडिलांच्या नावावर गावाकडे जमीन असते. म्हणजे दाखला आहे. मग अडचण कसली?

अडचण पासपोर्टची आहे. आणि तो प्रश्न मुळशीतल्या व्यवहारात शेवटपर्यंत कुणी विचारत नाही.

तुमच्यासाठी भरे 'परदेशात' आहे का?

ऐकायला विचित्र वाटेल, पण घर घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर लागतं.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर जे मिळतं ते ओसीआय कार्ड. त्याच्या नावात 'सिटिझन' शब्द आहे, त्यामुळे अनेकांचा समज होतो की आपण अर्धे तरी भारतीय नागरिक आहोत. कायद्याच्या लेखी तसं नाही. ओसीआय कार्डधारक हा परदेशी नागरिक असतो, फक्त त्याला इथे येण्याजाण्याच्या आणि राहण्याच्या भरपूर सवलती असतात. म्हणजे कोथरूडमध्ये वाढलेला आणि आता अमेरिकन पासपोर्ट बाळगणारा माणूस भरे गावात जागा घेतो, तेव्हा कागदावर तो परदेशातच घर घेत असतो.

दुसरा गट एनआरआयचा. पासपोर्ट भारतीय, पण नोकरी-धंद्यानिमित्त मुक्काम बाहेर. दुबई, सिंगापूरमधले बहुतेक मराठी लोक यात येतात.

घर-जमिनीच्या खरेदीत हे दोन्ही गट जवळपास एकाच रांगेत उभे आहेत. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, आणि त्याखालचे २०१९ चे नियम असं सांगतात की एनआरआय आणि ओसीआय भारतात कितीही घरं, फ्लॅट, दुकानं, ऑफिसं घेऊ शकतात. रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. फक्त तीन गोष्टी विकत घेता येत नाहीत: शेतजमीन, मळे-बागायतीची मालमत्ता आणि फार्महाऊस.

तिसरा शब्द पुन्हा वाचा. मुळशीच्या निम्म्या जाहिराती त्याच शब्दाने सुरू होतात.

कुलपं दोन, एजंटकडे किल्ली एकाची

महाराष्ट्रात शेतजमीन कुणीही घेऊ शकत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, बिगरशेतकऱ्याला घ्यायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नियम मोडला तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. हे राज्याचं कुलूप. शेतकरी दाखला ही त्याची किल्ली.

फेमा हे केंद्राचं कुलूप आहे आणि त्याला ही किल्ली लागत नाही. तुम्ही सात पिढ्यांचे शेतकरी असा, वडिलांच्या सातबारावर तुमचं नाव असो, तरी एनआरआय किंवा ओसीआय असताना शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतकरी दाखल्याने 'हा माणूस शेतकरी आहे का' याचं उत्तर मिळतं. 'हा माणूस कायद्याने कुठे राहतो' हा प्रश्न त्या कागदावर नसतोच.

मग दस्त नोंदला कसा जातो? सातबारावर नाव चढतं कसं?

कारण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात प्रामुख्याने दस्त, मुद्रांक शुल्क आणि ओळखीची कागदपत्रं तपासली जातात. आधार कार्डावर कोथरूडचा पत्ता असतो, पॅन असतं, शेतकरी दाखला जोडलेला असतो. समोरचा माणूस परवा रात्रीच्या विमानाने परत जाणार आहे, हे त्या कागदांवरून कळत नाही. दस्त नोंदवला जातो, फेरफार पडतो, सातबारा निघतो आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. पण नोंदणी झाली म्हणजे व्यवहार कायदेशीर ठरला असं होत नाही. फेमाचं उल्लंघन सिद्ध झालं तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि हे प्रकरण बाहेर येतं ते बहुतेकदा विकायच्या वेळी, बँक पैसे परदेशी पाठवायला कागद मागते तेव्हा. किंवा भाऊबंदकीत. मुळशीत दुसरी शक्यता कमी समजू नका.

गावपातळीवरच्या सगळ्या सह्या असूनही घर बेकायदा ठरू शकतं, हे स्पेनमधल्या ब्रिटिश पेन्शनरांनी अनुभवलंय. आल्मेरिया प्रांतात अनेकांनी ग्रामीण जमिनीवर घरं बांधली होती आणि हातात स्थानिक नगरपालिकेचा परवाना होता. जानेवारी २००८ मध्ये वेरा इथे असं एक घर पाडलं गेलं. नगरपालिकेने दिलेला परवाना वरच्या प्रादेशिक सरकारने रद्द करून घेतला होता. निवृत्तीची पुंजी त्या घरात घातलेल्या जोडप्यावर गॅरेजमध्ये राहायची वेळ आली आणि ही बातमी ब्रिटनभर गाजली. खालच्या कार्यालयाने दिलेल्या शिक्क्यावर विसंबून घर उभं राहिलं, आणि वरच्या कायद्याने ते खाली आलं.

बाहेरच्यांना जमीन देताना देश हात आखडता घेतात, यात भारत एकटा नाही. थायलंडमध्ये परदेशी माणूस इमारतीतला फ्लॅट घेऊ शकतो, पण त्याखालची जमीन सहसा त्याच्या नावावर होत नाही. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला थेट मालकी नाही, बँकेच्या ट्रस्टमार्फत जावं लागतं. घर घेणाऱ्याला रहिवासाचा परवाना देणारी योजना पोर्तुगालने २०२३ मध्ये घरांसाठी बंद केली, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. आपल्याकडची गंमत एवढीच की इथला 'परदेशी' मुळशी मटण कुठे चांगलं मिळतं ते सांगू शकतो.

"मग भाच्याच्या नावावर घेऊ"

नियम कळला की कुटुंबात पुढचा ठराव हाच होतो. पैसे आपण पाठवायचे, जमीन इथल्या कुणाच्या तरी नावावर घ्यायची. घरचाच माणूस आहे, फसवतोय थोडाच!

खरा धोका इथे आहे, आणि तो भाच्याच्या नियतीचा नाही. १९८८ च्या आणि २०१६ मध्ये कडक केलेल्या बेनामी मालमत्ता कायद्यानुसार पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं आणि फायदा पैसे देणाऱ्याचा, अशी मालमत्ता बेनामी ठरते. ती जप्त होऊ शकते. शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. ही शिक्षा पैसे देणाऱ्याला आहे तशी नाव देणाऱ्यालाही आहे. म्हणजे ज्या भाच्याने मामाच्या शब्दाखातर सही केली, तोही अडकतो.

कायद्यात नात्यांच्या सवलती आहेत, पण त्या लोक समजतात तेवढ्या सैल नाहीत. स्वतःच्या उघड उत्पन्नातून पती-पत्नी किंवा मुलांच्या नावावर घेतलं तर ते बेनामी नाही. भाऊ, बहीण, आईवडील यांच्या बाबतीत सवलत मिळण्यासाठी कागदावर तुमचं नावही सहमालक म्हणून असावं लागतं. आता इथे पेच बघा: शेतजमिनीच्या कागदावर तुमचं नाव लागलं तर फेमा आडवा येतो, नाही लागलं तर बेनामी कायदा. भाचा, मेहुणा, मावसभाऊ तर त्या यादीतच नाहीत.

यातून एक सरळ वाट निघते, पण ती मनाला पटायला जड आहे. मुलाने वडिलांना पैसे खरोखर भेट दिले, बँकेतून, मागे कुठलाही छुपा करार न ठेवता. शेतकरी असलेल्या वडिलांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मर्जीने जमीन घेतली. ही वडिलांची मालमत्ता झाली. ते ती उद्या विकू शकतात, धाकट्या मुलीला देऊ शकतात, देवस्थानाला देऊ शकतात. हे मान्य असेल तरच ही भेट. "नाव बाबांचं, पण जमीन माझी" असं मनात किंवा व्हॉट्सअॅपवर असेल तर ते पुन्हा बेनामीच्या वळणावर जातं.

कंपनी काढून किंवा एलएलपीत पैसे घालून जमीन घेऊ, ही युक्तीही सुचवली जाते. 'मॅनेज्ड फार्म' नावाने विकल्या जाणाऱ्या काही योजना अशाच रचलेल्या असतात. त्याच २०१९ च्या नियमांत जमिनीची खरेदी-विक्री करून नफा कमावणं आणि फार्महाऊस बांधणं हे दोन्ही धंदे परदेशी गुंतवणुकीला बंद आहेत. तेव्हा ब्रोशरमध्ये झाडांचे फोटो किती सुंदर आहेत यापेक्षा तुमचे पैसे नेमके कशात जाणार आहेत, ते विचारा.

वडिलांची जमीन मिळते, ताईचा हिस्सा मिळत नाही

वारसा हा या सगळ्यातला मोठा अपवाद. एनआरआय असो की ओसीआय, वारसाहक्काने शेतजमीन येऊ शकते. वडील गेल्यावर वारसनोंदीत तुमचं नाव लागणं पूर्ण कायदेशीर आहे. भरे गावातली जमीन घरचीच असेल तर तिथे वारस म्हणून तुम्ही निर्धास्त असू शकता.

पण समजा, वडिलांमागे दोघं आहेत. मुलगा टेक्सासमध्ये, मुलगी कोथरूडमध्ये. मुलीला शेती नको, तिला पैसे हवेत. मुलाला पूर्ण जमीन हवी, तिथे घर बांधायचंय. घरच्या घरात मिटण्यासारखा विषय. तरीही मुलगा बहिणीचा हिस्सा विकत घेऊ शकत नाही, कारण ती त्याच्यासाठी शेतजमिनीची खरेदी होते. बहिणीने प्रेमाने बक्षीसपत्र करून द्यायचं म्हटलं तरी नाही, कारण नातेवाइकाकडून बक्षीस घ्यायची मुभा घर-फ्लॅटला आहे, शेतजमिनीला नाही. उलट दिशेचा व्यवहार मात्र चालतो: मुलगा आपला हिस्सा बहिणीला विकू शकतो.

वारशाने आलेली शेतजमीन विकायची झाली तर गिऱ्हाईकही मर्यादित. फेमानुसार ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते आणि कूळकायद्यानुसार तो शेतकरी हवा. दुबईतल्या मित्राला "तू घेतोस का?" असं विचारून उपयोग नाही.

आणि "कायमचे परत आलो तर?" भारतीय पासपोर्ट कायम असेल, तुम्ही खरोखर परत येऊन फेमाच्या व्याख्येत भारतात राहणारी व्यक्ती ठरलात आणि शेतकरी असाल, तर मार्ग मोकळा होतो. ओसीआयचं तसं नाही. गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ओसीआय कार्डधारकांचे हक्क लिहून दिले आहेत, आणि तिथेही मालमत्तेच्या खरेदीतून शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे वगळलेले आहेत. म्हातारपणी मुळशीत शेतघर बांधायचं स्वप्न असेल तर परदेशी नागरिकत्वाचा अर्ज भरतानाच हा हिशेब करायला हवा. त्या वयात तो कुणी करत नाही, हेही खरं.

अकरा गुंठ्यांवर 'फार्महाऊस' होतं का?

हा भाग पुण्यात राहणाऱ्यांसाठीही आहे.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एक एकर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे शेतजमिनीवर शेतघर बांधायचं तर धारण किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर लागतं. एक ते दीड एकराच्या दरम्यान असेल तर जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत. अकरा गुंठ्यांच्या शेतजमिनीवर उभा राहिलेला दोन मजली बंगला या हिशेबात फार्महाऊस म्हणून बसत नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

दुसरा मुद्दा तुकडेबंदीचा. १९४७ चा हा कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार पुण्यासह राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी मर्यादा आली. म्हणून 'अकरा' हा आकडा बागायत दाखवलेल्या जमिनीलाच कामाचा. सातबारावर जिरायत लिहिलं असेल तर अकरा गुंठे हा तुकडा होतो. त्याहून लहान, दोन-तीन गुंठ्यांचे प्लॉट 'सामाईक क्षेत्र' म्हणून विकले जातात. दहा अनोळखी माणसांची नावं एका सातबारावर येतात आणि कुणाचा कोपरा कुठला, हे फक्त एजंटच्या नकाशात असतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून अशा जुन्या तुकड्यांना दिलासा दिला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले व्यवहार, तेही जिथे जमिनीचा वापर आराखड्यात रहिवासी किंवा तत्सम बिगरशेती आहे अशा भागांत, शुल्क न घेता नियमित करायचे. "आता गुंठेवारी मोकळी झाली" असं सांगत फिरणारे या वाक्यातला उत्तरार्ध गाळतात. शेती विभागातला प्लॉट आणि उद्या होणारा व्यवहार, या दोन्हींना हा दिलासा नाही.

मग भरे गावातला अमुक गट नंबर कुठल्या विभागात येतो? मुळशी तालुका पीएमआरडीएच्या हद्दीत आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाचा विकास आराखड्याचा मसुदा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'आपली जमीन रहिवासी झोनमध्ये आली' म्हणून मधल्या काळात भरपूर जमिनी चढ्या भावाने विकल्या गेल्या. २०२५ मध्ये राज्य सरकारने तो मसुदाच रद्द केला. त्यामुळे कुणी आराखड्याचा रंगीत नकाशा मोबाईलवर दाखवला तर तो कुठल्या साली काढलेला आहे ते आधी विचारा, आणि त्या गट नंबरचा झोन दाखला पीएमआरडीएकडून स्वतः काढा. मोबाईलवरच्या नकाशाला कागद म्हणत नाहीत.

मग काय घेता येतं?

बरंच काही. मंजूर ले-आऊटमधला बिनशेती प्लॉट आणि त्यावर बंगला, रो-हाऊस, फ्लॅट, हे सगळं एनआरआय आणि ओसीआयला खुलं आहे. बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत सोपे झाले आहेत, पण सोपं झालं म्हणजे आपोआप झालं असं नाही. 'एनए प्रस्तावित', 'एनए होणार', 'कलेक्टर एनए टाइप' या शब्दांचा अर्थ एकच: आज ती शेतजमीन आहे. सनद किंवा आदेश, मंजूर नकाशा आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आऊटला महारेराचा नोंदणी क्रमांक, हे तीन कागद समोर आल्याशिवाय टोकन देऊ नका.

जोडीदार परदेशी वंशाचा असेल तर त्याचं नाव एका मालमत्तेत तुमच्याबरोबर लागू शकतं. अट एवढीच की लग्न नोंदणीकृत हवं आणि खरेदीआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं.

रिटायर होऊन राहायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी फ्लॅट बघा. पुण्यात ज्येष्ठांसाठीच्या वसाहती ही कल्पना नवी नाही. परांजपे स्कीम्सचा 'अथश्री' प्रकल्प मुळशीतच, भूगावच्या फॉरेस्ट ट्रेल्समध्ये आहे. महारेराने २०२४ मध्ये अशा निवृत्ती-गृहांसाठी मार्गदर्शक नियम आणले: एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे रुंद दरवाजे आणि रॅम्प, पाय न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराचे दांडे, वीज गेल्यावरची सोय. पन्नाशीत प्लॉट बघताना यातलं काहीच डोक्यात नसतं. डोक्यात असतो झोपाळा. सत्तरीत, जुलैच्या रात्री, रस्त्यावरचे दिवे गेलेले असताना पिरंगुटपलीकडून दवाखाना गाठायचा असतो तेव्हा झोपाळ्याचा उपयोग नाही.

आणि ज्यांना फक्त डिसेंबर-जानेवारीचं ऊन हवंय त्यांनी घर भाड्याने घ्यावं. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेकराराला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. दोन हिवाळे राहून बघा. टँकर कधी येतो, शेजारच्या मंगल कार्यालयाचा डीजे किती वाजता थांबतो, रिंगरोड नेमका कुठून जातोय, हे कागदांवर नसलेलं सगळं तेवढ्यात कळतं.

लवासाचा विषय काढायलाच हवा

परदेशातलं घर मुळशीत विकायचा सर्वांत मोठा प्रयोग याच तालुक्यात झाला. दासवे गावाजवळ, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर, पाण्याकाठी रंगीत इमारतींची रांग उभी राहिली. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीचा हा प्रकल्प. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढून काम थांबवलं, २०११ च्या अखेरीस पहिल्या टप्प्याला अटींवर मंजुरी मिळाली, पण तोवर पैशाचं चाक अडकलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म या समूहाचा १,८१४ कोटींचा प्रस्ताव मंजूर झाला. पैसे भरले गेले नाहीत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने ती मंजुरी मागे घेऊन प्रक्रिया पुन्हा सुरू करायला सांगितलं.

तिथे घर बुक केलेल्यांचा दोष काय होता? त्यांनी शेतजमीन घेतली नव्हती, बेनामी काही केलं नव्हतं. कंपनी मोठी होती, ब्रोशर खरं होतं, पुढारी उद्घाटनांना येत होते. त्यांच्यासाठी प्रश्न मालकीचा नव्हता, ताब्याचा होता. तेव्हा रेराही नव्हता. महाराष्ट्रात तो १ मे २०१७ पासून लागू झाला. आज तेवढं तरी कवच आहे. पण बांधकाम पूर्ण झालेलं, राहती माणसं असलेलं घर घेणं आणि चित्रातलं घर घेणं यातला फरक रेरानंतरही शिल्लक आहे, आणि हजारो मैल लांबून बघणाऱ्याला तो नीट दिसत नाही.

पैसे येतात तसे परत जातात का?

खरेदीचे पैसे बँकेतूनच यायला हवेत: थेट परदेशातून किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातून. सोबत आणलेले डॉलर मोजून देणं नियमात बसत नाही. मुळशीत "थोडे चेकने, थोडे रोख" हा आग्रह नवा नाही. परदेशस्थ माणसाला तो जास्त महाग पडतो. कारण विकल्यावर परत नेता येणारी रक्कम ठरते ती बँकेतून आलेल्या, कागदावर असलेल्या पैशावर. राहत्या घरांच्या बाबतीत परकीय चलनातून घातलेली मूळ रक्कम दोन घरांपर्यंतच परत नेता येते. बाकीचे पैसे एनआरओ खात्यात, आणि तिथून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरची मर्यादा. भरे गावातल्या बंगल्याला ती पुरून उरेल, पण कर भरल्याचा चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला लागतोच.

विकताना करही वेगळा कापला जातो. भारतात राहणाऱ्याकडून ५० लाखांच्या वरचं घर घेणारा एक टक्का कर कापतो. विकणारा एनआरआय असेल तर दीर्घकालीन नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के अधिक अधिभार-उपकर. आणि कमी कपातीचा दाखला आयकर विभागाकडून आधी काढला नसेल तर खरेदीदार सहसा नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून कर मोजायचा पर्याय इथे राहणाऱ्या व्यक्तींना मिळाला, एनआरआयला नाही.

परदेशात बसून मुखत्यारपत्र करणार असाल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि त्यात 'विकण्याचा अधिकार' हे शब्द ठेवायचे की नाही, यावर एक रात्र विचार करा.

विकणारा कोण आहे?

या व्यवहाराला दुसरी बाजू आहे आणि प्लॉट बघायला आलेल्या गाडीतून ती क्वचित दिसते. मुळशीला जमीन जाण्याचा इतिहास जुना आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो इथेच. जमीन विकून आलेला पैसा घरातून कसा जातो, हे २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न'ने अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं.

आज भरे, कासार आंबोली, उरवडे या पट्ट्यात जमीन विकणाऱ्यालाही कलम ६३ लागू आहे. मुलीचं लग्न, दवाखाना, पोराला गाडी, असं करत त्याने शेवटचे गुंठेही विकले, तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून दाखवायला त्याच्याकडे सातबारा उरत नाही. पुढे कधी पैसे आले आणि दोन खाचरं परत घ्यावीशी वाटली, तर तलाठी कार्यालयात त्यालाच विचारतील, "शेतकरी दाखला आहे का?"